विणघरातले बोलणे

त्या वर्षी पाऊस बेटाच्या पलीकडच्या अंगाला पडत राहिला आणि या अंगाला नुसते ढग दाखवून परत गेला. किनाऱ्याजवळच्या झऱ्याचे पाणी ओहोटीलाही खारट लागू लागले. अळूची पाने कडांपासून करपली, नीरफणस अंगठ्याएवढे होऊन गळाले. विणघरातले काम मात्र थांबले नव्हते. वाळवणाला असे ऊन पुन्हा मिळायचे नाही म्हणून बायका समुद्रात भिजवलेल्या केवड्याच्या पानांच्या गुंडाळ्या काढून खडकावर पसरीत, शिंपल्याने खरवडीत आणि नखाने चिरून दोऱ्याइतक्या बारीक पट्ट्या करीत. मानाची चटई अशाच पट्ट्यांची होते. ती विणताना बाईची पाठ कायमची वाकते, असे म्हणतात.

सिनिवा मधल्या खांबाला पाठ टेकून बसे. ती जागा तिचीच होती. गावच्या मुखियाची, तालिमालोची, ती थोरली बहीण. बायकांच्या समितीची प्रमुख. कोणाच्या पाण्याच्या हंड्यावर झाकण नाही, कोणाच्या अंगणात पाला साचला आहे, हे घरोघर फिरून बोट दाखवून सांगण्याचा अधिकार तिचा होता. सारा गाव तिला आत्या म्हणे. विणघरातली रीतही तिनेच घालून दिली होती. इथे बसून बाईने नवऱ्याबद्दल, पाद्र्याबद्दल, सभेबद्दल, काय वाटेल ते बोलावे आणि उठताना ते बोलणे केवड्याच्या कचऱ्याबरोबर झाडून टाकावे. घराघरांतल्या मुखियांच्या सभेत बायकांना बोलायला जागा नव्हती, आणि त्यात सिनिवाला काही गैरही वाटत नव्हते. पण माणसाच्या पोटातली वाफ कुठेतरी निघावी लागते, हे ती जाणून होती.

त्या दिवशी बोलणे पाण्यावर आले. निवडणुकीनंतर नव्या पक्षाच्या आमदाराने गावाला सिमेंटची मोठी टाकी बांधून दिली होती. ती उभी राहिली तालिमालोच्या मागीलदारी.

"टाकी गावाला दिली म्हणतात," वाओसा म्हणाली. गावात तिच्याइतकी बारीक वीण कोणाची नव्हती आणि तिच्याइतकी तिखट जीभही कोणाची नव्हती. "गाव म्हणजे मुखियाचं परसू, हे मला आजवर ठाऊक नव्हतं बाई."

"हळू गं," शेजारची लूसिया कुजबुजली.

"हळू कशाला? त्यांची डुकरं रोज आंघोळ करून इतकी गोरी झालीत की परवा पाद्रीबाबा त्यांना परदेशी पाहुणे समजून हात जोडत होते. आणि माझी पोरं चर्चला जातात ती अंगावर मीठ घेऊन. सुकट म्हणून विकावीत."

विणघर हसले. लूसियाने तोंडावर पान धरले. सिनिवालाही हसू आले. ते तिने खोकल्यात जिरवले. आत्याने हसलेले कोणी पाहू नये, एवढीच तिची अट असे.

हसणे ओसरले तशी वाओसाची नजर सिनिवाच्या पुढ्यातल्या चटईकडे गेली. "आत्या, तुमची ही ओळ सैल पडतेय बघा. इथून. उसवून पुन्हा घ्यावी लागेल. डोळ्यांनी दिसत नाही का आता?"

त्यात वाकडे काही नव्हते. ओळ सैल होती. पण साऱ्याजणींनी माना वळवून पाहिले, आणि कोवळ्या मुलींपैकी एकीने तर बोट लावून पाहिले. सिनिवाने ओळ उसवली. उसवताना तिचे कान तापले होते.

संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर तालिमालो आला. समुद्रातून आलेल्या माशातला पहिला वाटा बहिणीकडे न्यायचा, ही भावाची रीत त्याने मुखिया झाल्यावरही मोडली नव्हती. केळीच्या पानावर भाजलेला कुपा तिच्यापुढे ठेवून तो खालच्या अंगाला, दाराकडच्या खांबापाशी बसला.

"दमल्यासारख्या दिसता, अक्का."

"दमले नाही. त्या टाकीचं काहीतरी कर बाबा. गावाकडे नळ काढ तिचा."

"काढू की. पाइप यायचेत शहरातून, अपियाहून."

"पाइप येतील तेव्हा येतील. तोवर बायका तुला हसतायत."

तालिमालोने मान वर केली. "कोण हसतंय?"

इथे थांबता आले असते. पुढे कितीतरी वेळा सिनिवा मनाने या जागेवर परत आली आणि प्रत्येक वेळी तिला दिसले की थांबायला जागा होती, चांगली प्रशस्त जागा होती. पाण्यासाठी आपण बोलतो आहोत, असे तिने मनाशी ठरवून टाकले होते. पण तिच्या बोटांना अजून ती उसवलेली ओळ लागत होती.

"वाओसा," ती म्हणाली, आणि डुकरांची, पाद्र्याची, सुकटीची सगळी गोष्ट जशीच्या तशी सांगितली. सांगताना आपण ती वाओसाइतकी चांगली सांगत नाही, हेही तिला जाणवले.

तालिमालो हसला नाही. लहानपणी पेलेनातो, वाओसाचा नवरा, आणि तो एकाच होडीत वाढले होते. तो हसेल असे तिला वाटले होते.

"हे तुम्ही मला सांगितलंत, अक्का," तो सावकाश म्हणाला. "दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर कानामागं टाकलं असतं."

या बेटांवर बहिणीच्या तोंडचा शब्द भावाला गप्पा म्हणून घेता येत नाही. तो आला की ती फिर्याद होते. सिनिवा हे तान्हेपणापासून जाणत होती. उलट तोच तिचा आयुष्यभराचा मान होता.

"मासा चांगला भाजलाय," ती म्हणाली.

सोमवारी शंख वाजला आणि मुखिया सभाघरात जमले. भिंती नसलेले घर; पण कोणी कोणत्या खांबापाशी बसायचे हे दगडावर कोरल्यासारखे पक्के. सिनिवाचे घर समोरच होते. झावळ्यांचा पडदा अर्धा उचलून ती आत बसली. काठी घेऊन उभा राहिलेला उगापो सभेचा वक्ता होता. त्याचा आवाज चर्चच्या घंटेइतका लांब जाई.

"आदल्या निवडणुकीत या सभेनं जुन्या पक्षाला शब्द दिला," उगापो सांगत होता. "गाव एका तोंडानं बोललं. या खेपेला सभेनं नव्या पक्षाला शब्द दिला. गाव पुन्हा एका तोंडानं बोललं. पेलेनातोच्या घराचं मात्र दुसरंच तोंड. आम्ही ते सहन केलं. आता त्या घरातली बाई मुखियाची डुकरांशी गणना करते."

"तसं ती म्हणाली नाही," मागच्या खांबापासून पेलेनातो म्हणाला. तो लहान पदवीचा मुखिया होता. बोलायचा हक्क त्याला होता, पण शेवटी.

"काय म्हणाली मग?"

पेलेनातोला ते ठाऊकच नव्हते. विणघरातले बोलणे वाओसा घरी नेत नसे.

बहिणीने एवढ्यात निरोप धाडला असता, नुसते "भावाला सांगा, अक्का बोलावतेय" एवढे, तरी सभा उठली असती. सिनिवाचा हात पडद्यावर होता. निरोप धाडला तर उगापो विचारणार होता, शब्द कोणी आणला. तिने पडदा खाली सोडला.

निकाल उन्हे चढायच्या आत लागला. पेलेनातोच्या कुटुंबाने रविवारच्या आत गाव सोडावे. दुपारी तरुण पोरे गेली, अळूचे वाफे उपटले, केळी कापल्या. उभ्या दुष्काळात जे थोडे तगले होते ते वाटेवर पडून सुकले. विणघरात त्या दिवसापासून लूसियाशी कोणी बोलेनासे झाले. तीच "हळू गं" म्हणाली होती. म्हणजे शब्द तिनेच बाहेर नेला, असा हिशेब बायकांनी लावला. वाओसाने तिला झऱ्यापाशी गाठून तिच्या पायांवर खारे पाणी ओतले आणि म्हटले, "घे, तुझ्या मुखियाला ने पोचवायला." लूसिया विधवा, मूळची दुसऱ्या गावची. ओल्या पायांनी ती विणघरात आली आणि अगदी कडेला, उन्हात बसली.

सिनिवाने ते पाहिले आणि ती म्हणाली, "सावलीत ये गं." मग ती पुन्हा आपल्या ओळीकडे वळली.

निकाल मागे घेतला जावा म्हणून तिने आधी तोफीला गाठले. आदल्या निवडणुकीत नव्या पक्षाची बाजू मांडल्याबद्दल सभेने ज्याची डुकरे दंडात घेतली होती, तो हा तोफी. आता पारडे फिरले होते आणि सभेत त्याच्या शब्दाला वजन आले होते. तो होडीच्या बुडाला डिंक भरत होता.

"तू बोल सभेत," सिनिवा म्हणाली. "तुझं ऐकतील."

तोफीने काम थांबवले नाही. "माझी डुकरं कापली तेव्हा पेलेनातोनं पाय धरले होते, आत्या. माझे नाही, डुकराचे. आणि वाओसा पातेल्यावर उभी राहून म्हणाली होती, तोंडाला दार नसलं की असंच व्हायचं."

"ती चुकली होती तेव्हा."

"तेव्हा तुम्हीही जेवलात."

सिनिवा उभीच राहिली. तिला उभे ठेवून बोलायची गावात कोणाची छाती नव्हती.

"मला आनंद झालाय असं समजू नका," तोफी म्हणाला. "परवा उपटलेलं अळू बघितलं, घास उतरला नाही. पण आज मी बोललो तर उद्या म्हणतील, हा पुन्हा पलीकडे गेला. माणसानं एकदाच तोंड पोळून घ्यावं." त्याने डिंकाचे बोट होडीला पुसले. "बोलायचंच असेल तर ज्यानं शब्द नेला त्यानं बोलावं. लूसिया काही मोठी बाई नाही. तिचं ऐकणार कोण, ते निराळं."

मग ती भावाकडे गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्याच्या दारी गेली; एरवी तोच येई. तालिमालो गडबडून उठला, चटई अंथरली.

"मागं घे," ती म्हणाली.

"सभेत बोललेला शब्द आहे, अक्का. मी एकट्यानं मागं घेतला तर मला मुखिया कोण म्हणेल? आणि कशासाठी घेऊ? तुम्ही मला खोटं सांगितलं होतं का?"

"नाही."

"मग?"

"ती जे बोलली तेही खोटं नव्हतं."

मागीलदारी टाकीतून पाणी ठिबकत होते आणि एक डुक्कर त्या ओलीत लोळत होते. दोघांनाही ते ऐकू येत होते. तालिमालोने बराच वेळ हाताच्या रेषा पाहिल्या.

"हे तुम्ही बोलला नाहीत," तो शेवटी म्हणाला, "असं मी समजतो."

शुक्रवारी ती वाओसाकडे गेली. बरोबर बिस्किटांचे पुडे आणि डब्यातली मासळी होती. सभेने टाकलेल्या घरी जाणे म्हणजे सभेला डिवचणे, आणि मुखियाच्या बहिणीने जाणे तर त्याहून मोठे. घराचे पडदे उतरवलेले होते, भांडी गाठोड्यात बांधलेली होती. वाओसा अर्धी विणलेली चटई गुंडाळत होती; ती तशी नेली तर पट्ट्या मोडणार, न नेली तर कोणी दुसरे पुरी करणार नाही.

सिनिवाला पाहताच वाओसा चटई टाकून उठली आणि तिने तिचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले.

"कुणी आलं नाही, आत्या. पाद्रीबाबासुद्धा नाहीत. तुम्ही एकट्या आलात."

"बस, बस."

"त्या दिवशी तुमची ओळ उसवायला लावली मी. चारचौघींत. नंतर मनाला फार लागलं माझ्या. तुम्ही मात्र मनात ठेवलं नाहीत."

सिनिवाच्या तोंडात बिस्किटाचा तुकडा होता. तो तिने वाओसाने दिलेल्या पाण्याबरोबर गिळला. पेलेनातो मागे दोर वळत होता. तो म्हणाला, "आत्या, अपियात माझ्या मेहुण्याचं घर आहे. एका खोलीत दहा डोकी. तिथं म्हणे काहीही बोलता येतं, कुणी विचारत नाही." आणि तो स्वतःशीच हसला. "कुणी ऐकतही नाही."

"लूसियाला मात्र मी सोडणार नाही," वाओसा म्हणाली. "जाताना तिच्या दारावर थुंकून जाईन."

सिनिवा उठली. तिने वाओसाच्या मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तो हात मुलाच्या डोक्यावरून काढताना तिला वाटले, आपण काहीतरी उचलून नेतो आहोत.

शनिवारी पहाटे, कोंबड्यांच्या आधी, सिनिवाने आईच्या पेटाऱ्यातून सर्वांत जुनी चटई काढली. ती इतकी मऊ होती की घडी रेशमासारखी सांडत होती. कडेची लाल पिसे उडून गेली होती. दुसऱ्या हातात तिने सरपणाची मोळी घेतली आणि ओच्यात भट्टीचे दगड. इफोगाला, म्हणजे जाहीर माफी मागायला, निघालेले माणूस असेच जाते: घ्या, हे लाकूड, हे दगड, आम्हाला भाजून खाल्लेत तरी तुमचाच हक्क. खून झाला, कोणाची लेक पळवली, तर अपराध्याचे सारे कूळ मुखियाला पुढे घालून दुखावलेल्याच्या दारी बसते. डोक्यावर चटई. ज्याचा अपराध झाला त्याने येऊन चटई उचलली की माफी झाली. दुसऱ्या कोणालाही ती उचलता येत नाही. एकटी बाई, तीही मुखियाची बहीण, लहान घराच्या दारी बसल्याचे कोणी ऐकले नव्हते.

वाओसाच्या दारात गुडघे मोडून बसताना हाडे वाजली. अंगणातले खडे मांड्यांना रुतले. तिने लाकूड आणि दगड पुढ्यात ठेवले, चटई डोक्यावरून ओढली आणि मान खाली घातली. आत जुन्या केवड्याचा, आईच्या तेलाचा वास होता. बाहेर कोंबडा आरवला, कोणीतरी चूल फुंकली, मग पावले थांबली. एक, मग पुष्कळ. कुजबुज झाली. ऊन चटईवर चढले आणि आतली हवा जड झाली. घाम नाकावरून खड्यांवर पडत होता.

"आत्या?" वाओसाचा आवाज. "हे काय? कुणासाठी बसलात तुम्ही? भावासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुम्ही काय केलंत?"

"मी सांगितलं त्याला. लूसियानं नाही."

गाठोडी न्यायला आलेल्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. पेलेनातो हलक्या आवाजात म्हणाला, "उचल गं. म्हातारी आहे. उन्हात जाईल."

"जाऊ दे," वाओसा म्हणाली. मग ती जवळ आली. सिनिवाला चटईच्या कडेखालून तिचे पाय दिसले, टाचांना भेगा पडलेले. "विणघरात काहीही बोला, असं तुम्ही म्हणालात म्हणून मी बोलले. तिथं नसते बोलले तर घरीच बोलले असते, नवऱ्याशी, आणि आज माझं अळू जमिनीत असतं. काल माझे हात धरून बसलात. माझ्या हातचं पाणी प्यालात. आता ही चटई मी उचलली की गाव म्हणेल मिटलं. तुमचं मिटेल. मी ट्रकमध्येच असेन."

"मग नको उचलूस," सिनिवा म्हणाली.

"नाहीच उचलणार."

गाठोडी चढली. मुलाला कोणीतरी उचलून वर घेतले. ट्रक सुरू झाला, धूर चटईखाली शिरला, आणि आवाज किनाऱ्याच्या रस्त्याने लांब जात जात समुद्राच्या आवाजात बुडाला. वाओसा लूसियाच्या दारावर थुंकली नाही, हे सिनिवाला त्या आवाजावरून कळले. ट्रक मधे थांबला नव्हता.

आता तिला उठता येत नव्हते. जिने चटई उचलायची ती गेली होती. काही वेळाने जडशी पावले आली. त्या पावलांवरून तिने भावाला ओळखले.

"अक्का, उठा," तालिमालो म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. "गाव बघतंय. ते गेले. आता कुणापुढं बसलात?"

"तुला उचलता येत नाही. तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे."

तो तिथेच उभा राहिला. त्याची सावली चटईवर पडली, आणि ती सावली आपल्याला गार वाटते आहे याची सिनिवाला लाज वाटली. तेवढ्यात हलकी पावले आली, खड्यांवर न वाजणारी, कडेने चालायची सवय असलेली. कोणीतरी तिच्यासमोर मांडी घालून बसले.

"मी उचलू शकते, आत्या," लूसिया म्हणाली. "माझाही अपराध केलात तुम्ही. हक्क आहे मला."

"आहे."

"उचलते. पण आत्ता चटईखालून बोललात ते फक्त वाओसाला आणि आम्हा जवळच्यांना ऐकू गेलं. माझ्याशी बोलणं सगळ्या गावानं टाकलं होतं."

सिनिवाने ओठ ओले करायचा प्रयत्न केला. तोंडात थुंकी नव्हती. तिने मान वर केली तशी चटई तिच्या तोंडावर ताणली गेली, आणि त्या विणीतून तिला उजेडाचे असंख्य बारीक ठिपके दिसले. "शब्द मी नेला," ती म्हणाली. "लूसियानं नाही. माझी ओळ सैल होती म्हणून मला राग आला होता, म्हणून नेला. आणि टाकीबद्दल ती बोलली ते खरं होतं. आम्ही सगळ्या हसलो. मीपण हसले."

भावाची सावली हलली, पण गेली नाही. सभाघराच्या बाजूने उगापोच्या काठीचा आवाज येत होता.

"अजून मोठ्यानं, आत्या," लूसिया शांतपणे म्हणाली. "झऱ्यापलीकडच्या घरांपर्यंत पोचलं नाही."

सिनिवाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.